गोव्यात कसली आलीय थंडी?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पुण्याची वहिनी विचारते, पणजीचे मेहुणे विचारतात, परवा तर सिलिंडर घेऊन आलेल्या पोरानंही विचारलं: गोव्यात कसली आलीय थंडी, म्हणून डिसेंबर लागला की घराला गोणपाट ठोकत बसता? आणि एवढं सगळं बुजवून आईच्या खोलीची ती एक खिडकी वीतभर उघडी कशाला?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पणजीला समुद्र सांभाळतो, तिथे जानेवारीतही रात्रीचा पारा 20च्या फार खाली उतरत नाही. आम्ही सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे. रात्री वारा घाटाकडून उतरतो, पहाटे म्हादई नदीवर धुकं बसतं. ओसरीवर टांगलेल्या तापमापकात मी 15 पाहिलेत. पुणेकरांनी खुशाल हसावं. पण तुमची घरं बंद होतात, आमचं होत नाही. ते बांधलंय पावसासाठी आणि उकाड्यासाठी: चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, खाली छत नाही, आणि भिंतीचा माथा नि वासे यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. बाहेर 15 तर पहाटेपर्यंत आतही जवळपास तेवढंच. दम्याच्या म्हातारीला तिथे झोपवायचं, म्हणून हा उद्योग.

आई थंडीत कॉटखाली करवंटीच्या निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची. तिची सासूही ठेवायची. कधी कुणाला काही झालं नाही. त्या थंडीत मी ठरवलं की ऊब टिकली पाहिजे. पूर्वेकडच्या फटीत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, कौलांखाली ताडपत्री ताणली, खिडक्यांना फोमची पट्टी, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी. काम इतकं चोख झालं की खोलीत पेटवलेल्या काडीची ज्योत हलेना. मी सगळ्यांना बोलावून ती काडी दाखवली होती.

जानेवारी 2022. पहाटे तीनच्या सुमाराला मुलीला ओकारी झाली. ती आजीकडे झोपली होती. डोकं ठणकतंय म्हणाली. मला वाटलं, रात्रीची भजी. आईला हाक मारली तर तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी पाहिलं. दम्याचा झटका असेल म्हणून कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. 97. मी दुसऱ्या बोटाला लावला. 98. जीव भांड्यात पडला. तिच्या अंगावर आणखी एक वाकळ घातली, वारा येऊ नये म्हणून दार पुन्हा नीट लावलं आणि कॉटच्या कडेला बसून राहिलो. किती वेळ, मला खरंच सांगता येत नाही. बायको सांगते, वीस मिनिटं. माझंही डोकं जड झालं होतं, ते मी जागरणावर घातलं.

दार उघडलं ते शेजारच्या काकीनं, लाइट कशाला जळतेय म्हणून बघायला आली तेव्हा. 'किती कोंदट रे,' म्हणाली.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: खोलीत निखारे होते? मी म्हटलं, होते, पण धूर अजिबात नव्हता. त्यांनी मान हलवली. लालबुंद निखाऱ्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आणि बोटाला लावायच्या त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही, त्याला रक्त भरलेलं दिसतं एवढंच. माझं 97 त्यातलं होतं.

मी अडाणी नाही, हे मला सांगायचंच आहे. ऑक्सिमीटरच्या पाकिटावर असं काही लिहिलेलं नव्हतं. पण खरं बोलायचं तर आईनं त्या रात्री म्हटलं होतं, 'वरची थोडी जागा तरी सोड.' मी तिला ती काडीची गोष्ट ऐकवली. पिढ्यान्‌पिढ्या निखारे चालले ते ज्या फटींच्या जिवावर, त्याच मी बुजवल्या, आणि निखारे मात्र आजीचे म्हणून तसेच ठेवले.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. आई घरी आली, चालू-बोलू लागली. महिन्याभरानं नावं विसरायला लागली. आधी काकीचं, मग माझं. डॉक्टर म्हणाले, वयानं असेल, त्या रात्रीनं असेल, असं नंतर उमटतं कधीकधी. वयानंच असेल, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो.

आता घमेलं न्हाणीतल्या चुलीपाशी पडलंय. आईच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी, कॉट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत, लादीवर काथ्याची चटई, दुपारी ऊन आत घेऊन चारला पूर्वेचं सगळं बंद. एवढ्यानं भागतं.

राहिली खिडकी. खोलीत निखारा नाही, तर ती उघडी ठेवायला काही कारण नाही, हे मलाही कळतं. वहिनी म्हणते तेच बरोबर, त्या वीतभर फटीनं आईला पहाटे खोकला येतो. आई रात्री उठून, कुणाचं घर आहे हे विसरूनसुद्धा, न चुकता ती लावते. मी जाऊन पुन्हा उघडतो.