तुम्ही विचारलंत म्हणून: युरोव्हिजनमधली माझी गाणी

युरोव्हिजन म्हणजे दरवर्षी होणारी गाण्यांची स्पर्धा; मुख्यतः युरोपातले देश तिच्यात एकेक गाणं उतरवतात आणि एकमेकांच्या गाण्यांना गुण देतात. तिचा विषय निघाला की मला हटकून विचारलं जातं, "आजवरच्या गाण्यांतलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं?" विचारणाऱ्याला बहुधा 'वॉटर्लू' हे उत्तर अपेक्षित असतं. १९७४ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये आबा या स्वीडिश गटाने ते गायलं आणि स्वीडनला पहिला विजय मिळवून दिला. गाणं झकासच आहे. पण माझा जीव जडलाय तो वेगळ्याच जातीच्या गाण्यांवर.

या स्पर्धेचा नियम असा की गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही. त्यामुळे बहुतेक संगीतकार पहिल्या सेकंदापासून धावत सुटतात. मुखडा लगेच, धृपद त्याहून लगेच आणि शेवटच्या फेरीला पट्टी चढवून टाळ्या घ्यायच्या. मला आवडतात ती हीच तीन मिनिटं मिळूनही घाई न करणारी गाणी.

त्यात पहिलं नाव 'नॉक्टर्न'चं. १९९५, डब्लिन, देश नॉर्वे, गट सीक्रेट गार्डन. पूर्ण गाण्यात शब्द फक्त चोवीस! गायिका सुरुवातीला थोड्या ओळी म्हणते आणि बाजूला होते. मग सारा भार फिनूला शेरी या आयरिश वादकाच्या व्हायोलिनवर. शेवटी आवाज परत येतो आणि गाणं मिटतं. हे जिंकलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, गाण्यांच्या स्पर्धेत वाद्यसंगीत कसं जिंकलं म्हणून. मला तो आक्षेप कधीच पटला नाही. ख्यालाच्या बंदिशीत तरी किती शब्द असतात? त्या चोवीस शब्दांनी हवा तयार होते, पुढचं व्हायोलिन सांगतं. रोल्फ लवलांड या संगीतकाराने १९८५ मध्ये नॉर्वेला पहिला विजय मिळवून दिला होता तो 'ला दे स्विंगे' या नाचऱ्या गाण्याने. त्याच माणसाने दहा वर्षांनी हे लिहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसरं 'लाने मोये'. २००४, इस्तंबूल, सर्बिया आणि माँटेनेग्रो. झेल्को योक्सिमोविच गायला तोंड उघडतो त्याआधी वाद्यं बराच वेळ आपली आपण बोलत राहतात. तीन मिनिटांच्या हिशेबात ही केवढी मोठी चैन! पण त्यामुळेच त्याचा पहिला स्वर लागतो तेव्हा आपण पुरते त्या गाण्याच्या ताब्यात गेलेलो असतो. त्या वर्षी युक्रेनची रुस्लाना २८० गुणांनी जिंकली, हा २६३ गुणांवर दुसरा आला. रुस्लानाचा आवेश मोठाच होता, पण माझ्या लेखी पहिला नंबर याचाच.

२०१७ चं 'आमार पेलुस दोइश' तर सगळ्यांना ठाऊक आहे. साल्वादोर सोब्राल प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या मंचावर एकटा उभा, अंगात ढगळ कोट, मागे ना नर्तक ना आगीचे लोळ. हात मात्र स्वरांबरोबर सतत हलत असतात, जणू सूर बोटांनी चाचपून बघतोय. गाणं त्याच्या बहिणीचं, लुइझाचं. त्याच्या हृदयाच्या दुखण्यामुळे सुरुवातीच्या तालमींत त्याच्या जागी तीच गायली. १९६४ पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालला हा पहिला विजय मिळाला, तोही ७५८ गुणांनी. परीक्षक आणि प्रेक्षक दोघांचाही कौल त्यालाच. नंतर दोघं भावंडं मिळून ते गाणं पुन्हा गायली. ती चित्रफीत आधी बघू नका, मूळ सादरीकरण बघून मग बघा.

पोर्तुगालचंच आणखी एक. आबा जिंकले त्याच रात्री पाउलो द कारवाल्यो 'ई देपोइश दो आदेउश' गायला आणि तीन गुण मिळवून तळाला राहिला. निरोपाचं, प्रेमभंगाचं संथ गाणं. तीन आठवडेही उलटले नव्हते, तोवर २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं असताना लिस्बनच्या रेडिओवर तेच लागलं. बंडाच्या तयारीत असलेल्या सैनिकांसाठी तो ठरलेला इशारा होता. प्रेमगीत वाजलं म्हणून कोणाला संशय येणार? दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधली चार दशकांहून जुनी हुकूमशाही कोसळली. गुणतक्त्याचं मला फारसं कौतुक का नाही, हे यावरून ध्यानात यावं.

१९९३ च्या बोस्नियाबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही. युद्धात राजधानी साराजेव्होला वेढा पडलेला असताना गोळीबारातून विमानतळ ओलांडून तिथले कलाकार आयर्लंडच्या मिलस्ट्रीट गावी पोहोचले. त्यांचा संगीत संचालक मागेच अडकला, म्हणून आयरिश संचालकाने वाद्यवृंद सांभाळला. गाण्याचं नावच 'साऱ्या जगाचं दुःख'. गुण देण्याची वेळ आली आणि खरखरत्या फोनवर साराजेव्होचा आवाज उमटला, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. गाणं सोळावं आलं.

तेव्हा मंचासमोर जिवंत वाद्यवृंद असायचा. १९९९ पासून तो बंद झाला आणि वाद्यांचा भाग आधी ध्वनिमुद्रित केलेला येऊ लागला. माझ्या मते या स्पर्धेचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. वादक गायकासाठी क्षणभर थांबतात, ती गोष्ट ध्वनिमुद्रणात कुठून आणणार?

धांगडधिंगा मला वर्ज्य आहे असं मात्र समजू नका. २००६ मध्ये फिनलंडचे लॉर्डी राक्षसांचे मुखवटे चढवून जिंकले, त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण एकच गाणं निवडून द्या म्हणालात, तर मी 'लाने मोये' देईन. स्टुडिओतलं नको, इस्तंबूलच्या मंचावरचं ऐका आणि सुरुवातीचं वादन पुढे सरकवू नका.