म्युनिक करार झालाच नसता तर : ब्रिटिश लष्कर कागदावर वाढवताना

सप्टेंबर 1938 च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकणारा करार म्युनिकमध्ये होण्याऐवजी चेकोस्लोव्हाकियावरून युद्ध पेटले असते, तर ब्रिटनने आपले भूदल किती वेगाने वाढवले असते, या प्रश्नाभोवती मी एक काल्पनिक इतिहास लिहायला घेतला. सुरुवातीची स्थिती ठरवणे सोपे होते. त्या वेळी ब्रिटन युरोपच्या भूमीवर जेमतेम दोन डिव्हिजन (प्रत्येकी दहा-पंधरा हजार सैनिकांचे मोठे दल) पाठवू शकला असता आणि त्याही अपुऱ्या शस्त्रसामग्रीसह. दुसरीकडे, चेकोस्लोव्हाकियाने 23 सप्टेंबरला सर्वसाधारण लामबंदी, म्हणजे सैन्याची जमवाजमव, जाहीर करून दहा लाखांहून अधिक माणसे शस्त्राखाली आणली होती. मला लिहायचे होते ते या दोन डिव्हिजनांचे पुढे काय होईल, हे.

माणसांचा हिशेब मी लवकर आटोपला, कारण तो फारसा अडत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी ऑगस्ट 1914 मध्ये पहिल्या एक लाख स्वयंसेवकांसाठी आवाहन केले, तेव्हा भरती केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि 1915 संपेपर्यंत जवळपास 25 लाख माणसे स्वेच्छेने दाखल झाली. सक्तीची भरती त्यानंतर, 1916 मध्ये आली. माझ्या कथेत मात्र सक्ती पहिल्या आठवड्यापासूनच ठेवणे मला योग्य वाटले, आणि त्याचे कारण माणसांची टंचाई हे नव्हते. 1914 मध्ये खाणकामगार आणि कुशल कारागीर मोठ्या संख्येने सैन्यात गेले आणि पुढच्याच वर्षी तोफगोळ्यांच्या टंचाईने सरकार हादरले. कोणाला घ्यायचे यापेक्षा कोणाला कारखान्यातच ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला सक्तीमुळे मिळतो. तिच्या या उपयोगाची चर्चा फारच कमी होते.

खरे काम सुरू झाले ते नव्या तुकड्या उभारायच्या कशा, या टप्प्यावर. नवी बटालियन, म्हणजे काहीशे सैनिकांची तुकडी, केवळ रंगरूटांची असू शकत नाही. दुधाला विरजण लागते तसे तिला आधीच्या बटालियनमधले अधिकारी, सार्जंट आणि कॉर्पोरल लागतात, आणि ते काढून दिले की जुनी बटालियनही पातळ होते. अमेरिकेने 1942 मध्ये नवी डिव्हिजन उभी करताना जुन्या डिव्हिजनमधून सुमारे 1,300 जणांचा अनुभवी गाभा वेगळा काढण्याची पद्धत ठेवली होती, आणि त्यानंतरही डिव्हिजन तयार व्हायला दहा ते बारा महिने धरले जात. जर्मनीची स्थिती वेगळी होती. व्हर्सायच्या तहाने तिच्या सैन्यावर एक लाखाची मर्यादा घातली, पण सैनिकांची सेवा बारा वर्षांची असल्यामुळे त्या माणसांना वरच्या जबाबदारीसाठी तयार करता आले. मार्च 1935 मध्ये सक्तीची भरती जाहीर करून 36 डिव्हिजनांचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा हा गाभा हाताशी होता. ब्रिटनचे नियमित सैन्य साम्राज्यभर विखुरलेले होते, म्हणून हे गणित मी ब्रिटनला जसेच्या तसे लावले नाही.

मार्च 1939 च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने टेरिटोरियल आर्मी, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांचे राखीव सैन्य, दुप्पट करण्याचे जाहीर केले. 13 डिव्हिजनांच्या 26 करायच्या होत्या. माझ्या कथेत ही घोषणा ऑक्टोबर 1938 मध्येच होते. वाचकाला वाटेल, म्हणजे सहा महिने हाती आले. प्रत्यक्षात ते सहा महिने आधीच्या 13 डिव्हिजनांनाच दुबळे करणारे ठरले असते, कारण दुसरा संच त्यांच्यातूनच काढायचा होता. याचा पुरावा 1940 मध्ये मिळतो. 12 वी, 23 वी आणि 46 वी या अशा दुय्यम डिव्हिजन वसंतात फ्रान्समध्ये मुख्यतः मजुरीच्या कामासाठी पाठवण्यात आल्या. त्यांच्याकडे तोफखाना नव्हताच म्हटले तरी चालेल, आणि मे महिन्यात जर्मन रणगाडे त्यांच्यावर येऊन आदळले.

शस्त्रांच्या बाबतीत मी कल्पनेला फार मोकळीक दिली नाही. 1940 मध्ये फ्रान्समध्ये लढलेल्या ब्रिटिश तोफखान्याची भिस्त मुख्यतः जुन्या 18 पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) तोफेच्या गाड्यावर 25 पौंडी नळी बसवून केलेल्या रूपांतरांवर होती. 1938 मध्ये तेवढेही मिळाले नसते. म्हणून डिव्हिजनांचा आकडा मी माणसांवरून न ठरवता तोफांवरून ठरवला. अमेरिकेलाही अखेर हेच करावे लागले. दोनशेहून अधिक डिव्हिजनांची योजना खाली आणून ती नव्वदच्या आसपास थांबवण्यात आली, कारण कारखाने, हवाई दल, नौदल आणि मित्रराष्ट्रांना द्यायची सामग्री यांना माणसे लागत होती.

हे सर्व धरल्यावर माझ्या कथेत 1939 च्या उन्हाळ्यापर्यंत ब्रिटन फ्रान्समध्ये चार डिव्हिजनांपलीकडे जात नाही. प्रत्यक्ष इतिहासात चार डिव्हिजन ऑक्टोबर 1939 पर्यंत पोहोचल्या होत्या, म्हणजे युद्ध वर्षभर आधी सुरू करूनही माझ्या हाती फक्त काही महिनेच लागतात. फ्रेंच सरकार तेवढ्यावर समाधान मानणार नाही आणि लंडनवर अर्धवट शिकलेल्या डिव्हिजन पाठवण्यासाठी दबाव आणेल, हे उघड आहे. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन त्या दबावापुढे झुकतात असेच मी लिहिले आहे. डिव्हिजनांची संख्या त्यामुळे सहा होते आणि त्यांतल्या दोन केवळ खंदक खणतात.