किलोच्या भावाने घेतलेले कटर

बंद पडलेला कटर, म्हणजे लाकूड कापायचा पेट्रोलवरचा चेनसॉ, हातात आला की लोक पहिलं काय करतात तर दोरी ओढतात. खांदा भरून येईपर्यंत ओढत बसतात, मग प्लग काढून पुसतात, परत ओढतात, आणि मग भंगारात टाकतात. मी लगेच दोरीला हात लावत नाही. आधी सायलेन्सर काढतो. दोन-तीन बोल्टचं काम असतं, तो निघाला की सिलेंडरची एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर पडायची खिडकी समोर येते, त्यात मोबाइलची बॅटरी मारायची आणि दोरी हळूच ओढून पिस्टन वरखाली करत बघायचं. अख्खी केस त्या अंगठ्याएवढ्या खिडकीत लिहिलेली असते.

पिस्टनवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील तर मशीन जिवंत आहे, दुखणं कार्बोरेटरमध्ये नाहीतर ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्ये. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि मागची बाजू साफ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मिक्श्चरवर तो कधीतरी तापून चिकटलाय. चारी बाजूंनी खरवडलेला असेल तर कुणीतरी ऑइल न घालता साधं पेट्रोल ओतलं, विषय संपला. आणि इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत येतं त्या बाजूला राखाडी घासल्यासारखं दिसलं तर एअर फिल्टर फाटलेला किंवा फिल्टरशिवायच चालवलेला, सगळा भुसा आणि धूळ आत गेलेली. मालक काहीही सांगो, "भाऊ, एकदम ओके होता, असाच बंद पडला", पिस्टन खोटं बोलत नाही.

माझं काम नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटीत, दिवसभर व्हर्नियर आणि गेज घेऊन पार्ट मोजायचे, त्यामुळे हा नाद लागला यात नवल नाही. बायको म्हणते दिवसभर पार्ट रिजेक्ट करतो आणि संध्याकाळी रिजेक्ट झालेले पार्ट घरी आणतो. बरोबरच आहे तिचं.

आता नाशिकमध्ये इतके कटर येतात कुठून, तर द्राक्षबागांमुळे आणि पावसामुळे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव साइडला बाग जुनी झाली की काढतात, खोडं कापायची असतात, बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी असतेच, मजूर मिळत नाहीत, मग ऑनलाइन पाच-सात हजारात २२ इंची बारचा (ज्या पट्टीवरून चेन फिरते ती) चायना कटर मागवतात. बाग काढून होईपर्यंत तो चालतो. मग टाकीत पेट्रोल तसंच ठेवून गोठ्यात टांगला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गुलमोहर आडवा झाला की काढतात तर चालू होत नाही. दुरुस्तीवाला सांगतो तीन हजार, नवा मिळतो सहा हजाराला, मग हा गेला भंगारात. तिथून मी उचलतो. भंगारवाल्याला ॲल्युमिनियमचा भाव माहीत असतो, कटरचा नसतो, आणि तेवढ्यावरच माझा छंद उभा आहे. कधी शेतकरीच म्हणतो घेऊन जा दादा, खळ्यात उगाच पाय अडकतोय.

या चायना मशीनवर ५८ सीसी लिहिलेलं असतं. खोलून सिलेंडर मोजा, बोअर म्हणजे आतला व्यास ४५.२ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ३४, हिशोब केला तर साडेचोपन्न सीसी येतात. वरचे साडेतीन सीसी स्टिकरमध्ये. तरी मी या मशीनला नावं ठेवणार नाही, कारण स्पेअर सगळे मिळतात, स्वस्त मिळतात, शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही. फोडलात तरी जीव जळत नाही. मजा मात्र स्टिल किंवा हुस्कवार्ना या परदेशी कंपन्यांचा कटर हाताला लागला की. एकदा अंबड-सातपूर लिंक रोडच्या बाजूने येताना एका गोडाऊनच्या बाहेर पंखे, गिझर यांच्या ढिगातून केशरी-पांढरं काहीतरी दिसलं, गाडी तिथेच लावली. स्टिलचा १८०. बार नाही, चेन नाही, वरचं कव्हर तुटलेलं, पण खिडकीतून बघितलं तर पिस्टन चकाचक. भाव करताना चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

माझं सरळ मत आहे, आपल्याकडचे बहुतेक कटर झिजून मरत नाहीत, ते हवेने मरतात. कटरचं इंजिन टू स्ट्रोक, त्यात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी, हा पंपाचा अर्धा भाग असतो, पेट्रोल, ऑइल आणि हवा आधी तिथे येते मग वर जाते, त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील, सिलेंडरखालचं पॅकिंग, कार्बोरेटर आणि सिलेंडरमधला रबरी बूट, यातलं काहीही केसभर फाटलं तरी बाहेरची हवा आत घुसते. मिक्श्चर पातळ होतं. पातळ मिक्श्चरवर मशीन अजूनच जोरात पळतं, चालवणारा खूश, काय आवाज काढतंय बघा म्हणतो, आणि पाच-दहा मिनिटात जाम. मग नवा पिस्टन, नवी रिंग टाकतात, फट तशीच राहते, आणि महिन्याभरात परत जाम. मेकॅनिक म्हणतो पिस्टन डुप्लिकेट होता. अहो पिस्टन डुप्लिकेट असेलही, पण मारला फटीने!

ही फट शोधायचं तयार टेस्टर मिळतं, महाग असतं. मी घरातलं जुनं बीपीचं मशीन वापरतो, दंडाचा पट्टा काढून टाकला, फुगा आणि काटा ठेवला. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर सायलेन्सर परत आवळायचा. कार्बोरेटरच्या जागी एक जाड पट्टी, तिच्या मागेही ट्यूबचा तुकडा, पट्टीला भोक पाडून बारीक नळी. प्लग घट्ट. मग फुगा दाबत काटा ३०० पर्यंत न्यायचा आणि सोडून बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर मशीन पॅक आहे. पडायला लागला की साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावायचं. फ्लायव्हीलच्या मागून, एकदम आतून, बारीक बारीक बुडबुडे यायला लागले की मला जो आनंद होतो तो समजावून सांगता येत नाही, आईने एकदा ते बघितलं आणि विचारलं की याला पण बीपी आहे का.

त्यानंतर सील बदलायला क्लच काढावा लागतो आणि तिथे निम्मे लोक मशीन मोडतात, कारण क्लचला उलटी आटी असते. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेलात तर तो अजून आवळतो. वरून पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालतात, पिस्टनच्या डोक्याला भोक. पिस्टन वर येत असताना नायलॉनची दोरी घाला ना गुंडाळी करून, दहा रुपयांची, काही होत नाही. स्टिल कंपनीच्या मशीनचे स्क्रू असतील तर तारा डोक्याचा टी-२७ पाना पाहिजेच, ॲलन कीने जबरदस्ती केली की डोकं गोल झालं समजा.

चिकटलेल्या सिलेंडरबद्दल पण सांगतो, कारण चांगले सिलेंडर फेकलेले बघून खरंच वाईट वाटतं. आतमध्ये जे खरखरीत दिसतं ते बऱ्याचदा सिलेंडरचे ओरखडे नसतातच, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं असतं. चांगल्या सिलेंडरला आतून निकासिलचा नाहीतर क्रोमचा थर असतो. निकासिल म्हणजे निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण, कानशीलाही नाही, कानसेलाही दाद देत नाही असा कडक. मग कापसाच्या काडीवर बाथरूम साफ करायचं ॲसिड घेऊन फक्त त्या चिकटलेल्या जागी लावायचं, फसफस होते, पुसायचं, परत लावायचं. फसफसणं थांबलं की ॲल्युमिनियम संपलं. खिडकीच्या कडेला, जिथे थर उडालाय किंवा मुळातच नाही, तिथे ॲसिड गेलं तर ते सिलेंडरलाच खातं, म्हणून घाई नको. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा. आमच्या इथे हे काम गच्चीवर होतं, किचनच्या सिंकमध्ये करायचा विचारसुद्धा करू नका. शेवटी पाण्याने धुवून वॉटर पेपरने हलकं हलकं तिरकं घासायचं. सातपूरच्या लेथवाल्या काकांना पहिल्यांदा असा साफ केलेला सिलेंडर दाखवला तेव्हा त्यांनी बोटाने आत फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हा टाकायला निघाले होते?"

आणि आता नवीन दुखणं, पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. गाड्यांचं काय व्हायचं ते होवो, त्यावर सगळे बोलतायत, पण कटरसारख्या छोट्या इंजिनांबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत महिनोन्‌महिने ठेवलं तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, आणि पेट्रोल उपसायचा फिल्टर पण खालीच असतो, म्हणजे दोरी ओढली की पहिलं तेच वर जाणार, ज्यात ऑइल जवळपास नसतंच. कार्बोरेटरमधले रबरी पडदे कडक होतात, हलवून बघितले तर पापडासारखे वाजतात. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या सेटिंगवर मिक्श्चर आपोआप पातळ पडतं, म्हणजे परत तेच हवेचं दुखणं. मी प्रत्येक मशीनच्या कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे फुल रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा, थोडा उघडून ठेवतो, फुल रेसला, कापत नसताना, आवाज किंचित फाटका यायला पाहिजे आणि लाकडात घातला की साफ व्हायला पाहिजे. ऑइल चांगलं असेल आणि कंपनीने सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, चायना मशीनला मी ४० मिली घालतो, धूर आला तर येऊ दे. आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. यात एक रुपया लागत नाही आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

टेस्टिंग सिडकोत करता येत नाही हे वेगळं सांगायला नको. एकदा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये फक्त अर्धा मिनिट चालू केला तर तीन मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. तेव्हापासून मखमलाबादला मित्राच्या मळ्यात जातो, तिथे वाळलेल्या बाभळीचे ओंडके पडलेले असतात.

झाडांचा विषय निघतोच. कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात वातावरण तापलं होतं तेव्हा ऑफिसमध्ये मला रोज टोमणे, काय मग, कुंभमेळ्याची ऑर्डर मिळाली का. मी स्वतः तिथली झाडं तोडण्याच्या विरोधात होतो आणि आहे, आणि घरात रॅकवर कटरची रांग आहे, दोन्ही खरं आहे. झाड मशीनमुळे पडत नाही, कागदावर सही होते तेव्हा पडतं. शहरात १९७५ चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि गावाकडे १९६४ च्या कायद्यात साग, आंबा, फणस, मोह, खैर, जांभूळ अशी यादीच आहे, स्वतःच्या शेतातलं असलं तरी विचारावं लागतं. मी मशीन कुणाला देताना हे तोंडावर सांगतो. काहींना आवडत नाही.

देतो मी मोजकीच. पेठ-हरसूलकडची तोडीची कामं घेणारी मंडळी येतात, ती खरी गिऱ्हाइकं, मशीन उचलून नुसतं हातात तोलतात आणि चेन ब्रेक पुढेमागे करून बघतात. नवीन लोक फक्त सीसी विचारतात. चेनला धार लावायची माहिती कुणालाच नसते. अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या एका लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी अळी बघितली, ती डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत जाते, त्यावरून त्याने आजच्या चेनचे दात काढले, एक डावा एक उजवा. म्हणून कानस पण दोन्ही बाजूंनी सारखीच मारायला पाहिजे. आपल्याकडे उजव्या हाताची बाजू जोरात घासली जाते आणि मग कटर लाकडात तिरका जातो, लोक म्हणतात बार वाकलाय. .३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशाचा कोन, फक्त पुढे ढकलायची, मागे ओढताना उचलायची. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली, जाड तुकडे पडले पाहिजेत.

सध्या टेबलावर स्टिलचा ०७० आहे, १०६ सीसी, नुसतं इंजिन दहा किलोच्या वर, चेन ब्रेक नावाची गोष्टच नाही. एका वखारीतून आला. याच्या चायना कॉप्या इतक्या फिरतायत की आधी ओरिजिनल आहे का हेच बघण्यात माझा रविवार गेला. आहे ओरिजिनल. हा मी कुणाला देणार नाही, ब्रेक नसलेलं एवढं मशीन विकून रात्री झोप लागणार नाही मला, पण चालू करायचाच आहे. क्रँक ठीक आहे, कॉइलमधून ठिणगी येते, सिलेंडर मात्र ॲसिडच्या पलीकडे गेलाय, थरच सोललाय. कुणाच्या वखारीत किंवा गोडाऊनमध्ये ०७० चा जुना ओरिजिनल सिलेंडर पडला असेल तर कळवा. चायनाचा नको, तो मिळतोय.