तारू मोजलं त्या वर्षीचा मेळावा

ऐरोलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा शास्त्र मेळावा, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचा मेळावा, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी भरतो. स्वतःचं देऊळ (चर्च) उभं राहण्याआधी एका शाळेचा हॉल आणि पुढचं मैदान दिवसभरासाठी मिळायचं. नगर, जालना, सोलापूरकडची माणसं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि इस्पितळांत नोकरीला आली, सेक्टरांमध्ये घरं घेतली. येताना त्यांनी गावाकडचा 'सलाम' आणला, हार्मोनियम आणली आणि वाद घालायची हौसही आणली. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यावर कळवा, तुर्भे, कोपरखैरण्याचे लोकही वेळेवर पोहोचू लागले. त्याआधी अर्धी मंडळी बसची वाट पाहत थांब्यावर असायची आणि पहिलं गीत निम्म्याच गळ्यांनी म्हटलं जायचं.

दरवर्षी शास्त्रातलं एक पुस्तक किंवा चार-पाच अध्याय ठरायचे. सकाळी पाठांतर, मग मुलांचं नाटुकलं, जेवण, आणि जेवणानंतर 'खुली चर्चा'. कार्यक्रमपत्रिकेत तिला पाऊण तास असायचा. तो पाऊण तास कधीच पुरला नाही. मटण-रस्सा आणि भात जेवून माणसं पेंगायला हवीत. आमच्याकडे उलट व्हायचं, कारण चर्चेत मामा आणि बाई समोरासमोर यायचे.

मामा सगळ्यांचेच मामा. पट्ट्यातल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून उभं आयुष्य काढलेले, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. शास्त्रात लिहिलंय ते तसंच घडलं, यावर त्यांचा ठाम विश्वास. बाई पालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. 1616 मधलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण त्या ओव्या म्हणाव्यात तसं चालीत म्हणायच्या. त्यांचं म्हणणं असं की देवाने माणसाशी बोलताना कविता, कथा, दृष्टांत, विलाप, सगळं वापरलं. मग वाचणाऱ्याने कवितेला कविता म्हणून वाचावं. दोघांमधला वाद नवा नव्हता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत जग घडवतो आणि सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हे तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने विचारून ठेवलं आहे. त्याच्यानंतरचा संत ऑगस्टिन तर म्हणे की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, सहा दिवस ही मांडणी आपल्याला समजावी म्हणून. चोवीस तासांचे सहा दिवस ही विश्वासाची कसोटी मानायची चढाओढ त्यामानाने अलीकडची, अमेरिकेत विसाव्या शतकात तापलेली. हे सगळं आमचे पाळक साहेब सांगायचे. मामा आदराने ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, ऑगस्टिन मोठा माणूस. पण हे लिहिणारा मोशे त्याहून मोठा."

2006 चा मेळावा मला सगळ्यात जास्त आठवतो. आदल्या वर्षीचा 26 जुलै ताजा होता. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडलेला, आणि आमच्यातल्या काहींच्या घरात पाणी शिरलेलं. विषय ओघानेच ठरला: उत्पत्ती, अध्याय 6 ते 9, नोहाची गोष्ट: महापूर, आणि नोहाच्या घरच्यांना व प्राण्यांना वाचवणारं मोठं तारू.

सकाळीच मामा काथ्याच्या दोरीचं भलंमोठं वेटोळं खांद्यावर टाकून आले. "मापं दिलीत ना? मग ती मोजायलाच दिलीत." तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. दोरीला दर दहा हातांवर त्यांनी लाल चिंधी बांधली होती. आम्ही पोरं मैदानाच्या भिंतीपासून निघालो. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मामांच्या. मामा चिंध्या मोजत चाललेले, मध्येच वाकून दोरी ताणून घेतायत, ढील दिसली की ओरडतायत. एकशे ऐंशीव्या हाताला मैदान संपलं. मामा थांबले नाहीत. फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला, रिक्षावाल्याला हाताने थोपवलं, पानटपरीच्या मागे गेले. तीनशेव्या हाताची चिंधी एका वडापावच्या गाडीच्या चाकाशी पोहोचली. गाडीवाला विचारत होता, "काय, गटाराचं काम निघालं का?" मामा म्हणाले, "नाही, तारू आहे." तो पुन्हा तळणाकडे वळला.

तोवर तारू म्हणजे आमच्यासाठी शब्बाथ शाळेच्या चित्रातली होडी होती, खिडकीतून जिराफाची मान बाहेर आलेली. त्या दोरीने ते चित्र माझ्या डोक्यातून कायमचं गेलं. मी पुढे बाईंच्या बाजूने झुकलो, आजही तिकडेच आहे. पण शास्त्रातली ओळ हाताने चाचपून बघायची सवय मामांची, हे मान्य करावंच लागेल.

दुपारी इंजिनीअरिंगला असलेल्या एका पोराने फळ्यावर गणित मांडलं. सगळ्यात उंच डोंगर बुडायचा, म्हणजे एव्हरेस्ट, 8,848 मीटर. पाऊस चाळीस दिवस. म्हणजे रोज 221 मीटर पाणी चढायला हवं, 26 जुलैच्या दोनशे तीसपटीहून जास्त. हॉलमध्ये कुजबुज. मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "सातवा अध्याय, अकरावं वचन काढ. पाणी नुसतं वरून नाही आलं, खालचे झरेही फुटले." पोरगं खाली बसलं. मजकूर पाठ असणाऱ्याशी असं उथळ भांडू नये, हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं असावं.

मग बाई उठल्या. त्यांनी गणित पुसलं नाही, त्याच्याच बाजूला आठ आकडे लिहिले: 7, 7, 40, 150, 150, 40, 7, 7. "हे दिवस आहेत. मामा, पडताळून बघा." मामांनी चष्मा लावला, वचनं काढली. वाट पाहण्याचे सात दिवस, परत सात, पाऊस चाळीस, पाणी चढलेलं दीडशे; मग पाणी ओसरायला दीडशे, खिडकी उघडेपर्यंत चाळीस, कबुतराचे सात आणि सात. पायऱ्या चढाव्यात आणि त्याच पायऱ्यांनी उतरावं, तसे. बाईंनी दोन दीडशेंच्या मधोमध खडूने रेघ मारली आणि विचारलं, इथे कोणतं वचन येतं? आठव्या अध्यायाचं पहिलं: देवाने नोहाची आठवण केली. "ज्याने हे लिहिलं त्याने हे वाक्य बरोबर मध्यावर बसवलंय. पाणी किती चढलं ते सांगायला तो बसलेला नाही. पाणी कशामुळे वळलं ते सांगतोय." हॉलमध्ये कोणी बोलेना. मामा बराच वेळ आकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आकडे बरोबरच आहेत की." सगळे हसले, बाईसुद्धा.

चर्चा तिथे संपायला हरकत नव्हती. पण मागच्या रांगेतून कळव्याच्या एक मावशी उभ्या राहिल्या. त्यांच्या तळमजल्याच्या खोलीत 26 जुलैला छातीइतकं पाणी होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लांबी मोजली, दिवस मोजले. सोळाव्या वचनात देवाने दार बाहेरून बंद केलं, ते कोणी वाचलं नाही. आमच्या चाळीत त्या रात्री वरच्या मजल्यावर ज्यांनी दार उघडलं त्यांच्यामुळे आम्ही वाचलो. बाहेर राहिलेल्यांचं काय, ते सांगा." मामांकडे वचन नव्हतं, बाईंकडे रचना नव्हती. पाळक साहेब उठले आणि त्यांनी प्रार्थना केली. मला ती पळवाट वाटली तेव्हा, अजूनही थोडी वाटते.

योनाच्या, म्हणजे माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या संदेष्ट्याच्या, वर्षी मुलांनी शेळ्या-मेंढ्यांना गोणपाट नेसवलेला दाखवला, कारण निनवेच्या राजाने जनावरांनाही उपासाचा आणि गोणपाटाचा हुकूम दिला होता. मामाच सगळ्यात जास्त हसले. पण चर्चेत मागे हटले नाहीत: प्रभू येशूने स्वतः योनाचा दाखला दिलाय, मत्तय 12:40, विषय संपला. बाई म्हणाल्या, प्रभूने रस्त्यात लुटलेल्या माणसाला खानावळीत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचीही गोष्ट सांगितली, म्हणून यरीहोच्या रस्त्यावर त्याची खानावळ शोधत कोणी जातं का? पुढच्या मेळाव्याला मामा फोटो घेऊन हजर. त्यांचे मेव्हणे पवित्र भूमीच्या यात्रेला गेले होते, आणि यरुशलेम-यरीहो रस्त्यावर त्याच नावाची खानावळ खरोखर पर्यटकांना दाखवतात. बाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "माणसाला गोष्ट इतकी खरी वाटली की त्याने इमारत दाखवायला घेतली. मामा, याहून मोठी दाद कुठली?"

खरी गंमत मात्र गीतरत्नाच्या वर्षी झाली. त्यातला प्रियकर, त्यातली प्रेयसी, द्राक्षमळे, डाळिंबं. बाई म्हणाल्या, हे प्रेमगीत आहे, नवराबायकोने एकमेकांना वाचून दाखवावं असं. आणि अक्षराला घट्ट धरून बसणारे मामा लालबुंद! छे छे, प्रियकर म्हणजे ख्रिस्त, वधू म्हणजे मंडळी, शब्दावर जाऊ नका, आतला अर्थ बघा. म्हणजे जागा चक्क उलटल्या: लिहिलंय तसं वाचणाऱ्या बाई, आणि रूपक शोधणारे मामा. त्या दिवसापासून 'अक्षरशः वाचणारे' आणि 'साहित्य म्हणून वाचणारे' असे दोन सरळ गट मला कधी दिसले नाहीत. प्रत्येकजण कुठेतरी अक्षराला चिकटतो आणि कुठेतरी ते सोडतो. कुठे सोडतो ते बघितलं की माणूस कळतो.

प्रभुभोजनाच्या विषयाला तर हे उघडच झालं. त्या वर्षी ठाण्याहून, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चचे एक ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी कॅथलिक) काका पाहुणे होते. येताना डबाभर फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, घेऊन आले होते. मामा सांगत होते की भाकर ही खूण, द्राक्षरस ही खूण. काका अगदी नम्रपणे म्हणाले, "मामा, तुमचे सहा दिवस चोवीस तासांचे, तुमचा मासा खरा. मग भाकर हातात घेऊन 'हे माझे शरीर आहे' असं प्रभू स्वतः म्हणाला, तिथे एकदम खूण कशी?" पाळक साहेबांनी मग मारबुर्गची हकिकत सांगितली. 1529 साल, समोरासमोर ल्यूथर आणि झ्विंग्ली, दोघेही प्रॉटेस्टंट सुधारक. ल्यूथरने टेबलावर खडूने तेच वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि त्यावरून तो हलायला तयार होईना. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं, पंधराव्यातल्या याच मुद्द्यावर सगळं अडलं. मामांनी काकांच्या डब्यातला फुगा उचलला आणि म्हणाले, "या एका बाबतीत मला बाईंच्या पक्षात धरा."

बाईंचीही एक हद्द होती, ती बरेच जण विसरतात. एका कॉलेजच्या मुलाने उत्साहाने विचारलं, मग पुनरुत्थानही रूपकच का? बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "नाही. पौल करिंथकरांना काय लिहितो? ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. पौल तिथे कवितेत बोलत नाही, साक्षीदारांची यादी देतो. साहित्य म्हणून वाचायचं म्हणजे कुठे कविता नाही हेसुद्धा ओळखायचं." मामांनी मोठ्याने 'आमेन' म्हटलं.

आता आमचं स्वतःचं देऊळ आहे, प्रोजेक्टर आहे, प्रश्नमंजूषा मोबाइलवर होते. तारू किती हात? तीनशे. बटण दाबलं, गुण मिळाले, पुढचा प्रश्न. मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा जास्त वचनं त्यांना येतात. पण चर्चेला आता खरोखरच पाऊण तास पुरतो, आणि हे मला मुळीच आवडत नाही. म्हणून यंदा समितीच्या बैठकीत मी हट्टाने ईयोब घ्यायला लावलं. बाई निवृत्त होऊन नेरुळला राहतात, गुडघे दुखतात, तरी येईन म्हणाल्यात. स्वर्गातलं देवाचं आणि सैतानाचं बोलणं ऐकायला तिथे कोण होतं, आणि राखेत बसलेला, अंगभर फोड आलेला माणूस इतक्या घडीव ओळींत बोलेल का, हे दोन प्रश्न त्यांनी फोनवर आधीच सांगून ठेवलेत. मामांना मी ते कळवले. मामा म्हणाले, "ऊस देश नावानिशी दिलाय. आणि यहेज्केल 14:14 बघ, नोहा, दानीएल आणि ईयोब एका रांगेत. बाईंना आत्ता सांगू नकोस."

मी संध्याकाळीच सांगितलं. बाई म्हणाल्या, ते वचन त्यांना येणार हे गृहीत धरूनच माझा तिसरा प्रश्न तयार आहे.