यूएक्सचा खर्च एका खात्यात, फायदा भलत्याच खात्यात

वापरकर्त्याच्या अनुभवाच्या रचनेवर, म्हणजे संकेतस्थळ किंवा अ‍ॅप वापरायला सोपे करण्याच्या ज्या कामाला व्यवहारात आपण सगळे यूएक्स म्हणतो त्यावर, कंपनीने पैसे का खर्च करावेत, हा प्रश्न बजेटच्या बैठकीत कुणीतरी विचारतोच, आणि तो विचारणारा माणूस सहसा अडाणी नसतो. डिझायनरांचे पगार, संशोधनाचा खर्च आणि चाचण्यांत गेलेले आठवडे डिझाइन विभागाच्या नावे स्वच्छ मांडलेले असतात. त्यातून झालेला फायदा मात्र विक्री, ग्राहक सेवा, प्रशिक्षण, परत आलेला माल अशा इतरांच्या खात्यांत विखुरलेला असतो, आणि त्यातला बराचसा न झालेल्या खर्चाच्या रूपात असल्यामुळे तो कुठेच लिहिला जात नाही. न आलेल्या तक्रारीची नोंद कोण ठेवणार? यूएक्सचे व्यावसायिक मूल्य पटवून देणे अवघड जाते ते मुख्यतः या विखुरलेपणामुळे, असे माझे मत आहे.

ही अडचण टाळण्यासाठी आमच्या व्यवसायातले लोक एक सोपी पळवाट शोधतात. यूएक्सवर खर्च केलेल्या एका डॉलरचे शंभर डॉलर होतात, असे वाक्य अनेक सादरीकरणांत पहिल्या-दुसऱ्या स्लाइडवर झळकते. कोणता उद्योग, किती काळ आणि कशाशी तुलना, यांपैकी काहीच न सांगणारे हे गुणोत्तर कुठल्याही वित्तप्रमुखासमोर टिकत नाही, आणि टिकूही नये. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल त्यापेक्षा पुष्कळ गंभीर आहे: शेअर बाजारात नोंदलेल्या ३०० कंपन्यांचा पाच वर्षांचा अभ्यास करून, डिझाइनच्या निर्देशांकात वरच्या पाव भागात असलेल्या कंपन्यांची उत्पन्नवाढ त्यांच्या क्षेत्रातील इतरांपेक्षा ३२ टक्केबिंदूंनी अधिक असल्याचे त्यात मांडले आहे. तरीही चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच डिझाइनवर मोकळ्या हाताने खर्च करू शकतात, ही शंका उरतेच. म्हणून मला अशा सरासरींपेक्षा एखाद्या ठरावीक पडद्यावर पैसा नेमका कुठून गळतो, हे दाखवणारी उदाहरणे अधिक उपयोगी वाटतात.

यूएक्स तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेले ‘३० कोटी डॉलरच्या बटणा’चे प्रकरण या क्षेत्रात सर्वश्रुत आहे, पण त्याचा शेवटचा आकडाच तेवढा लोकांच्या लक्षात राहतो. एका मोठ्या विक्री संकेतस्थळावर ग्राहकाने वस्तू निवडून पैसे भरायला घेतले की मध्येच एक छोटा फॉर्म येत असे. त्यात ई-मेल आणि पासवर्डचे दोन रकाने, लॉग-इन आणि नोंदणीची दोन बटणे आणि पासवर्ड विसरलेल्यांसाठी एक दुवा, एवढेच होते. नेहमीच्या ग्राहकांची यामुळे सोय होते, असा तो तयार करणाऱ्यांचा समज होता. प्रत्यक्षात नव्या ग्राहकांना नोंदणीची सक्ती खटकत होती आणि जुन्यांना आपण कोणता ई-मेल दिला होता हेच आठवत नव्हते. ४५ टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली. रोज सुमारे १,६०,००० जण पासवर्ड मागवत आणि त्यांतले ७५ टक्के खरेदी पूर्ण करण्यासाठी परतच येत नसत. नोंदणीच्या बटणाऐवजी ‘पुढे जा’ असे बटण आणि खाते उघडणे ऐच्छिक असल्याचा खुलासा, एवढ्या बदलाने खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि वर्षभरात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो पासवर्ड मागवणाऱ्यांचा आकडा. तो सर्व्हरवर रोज जमा होत होता. पण तो विक्रीचा आकडा आहे, असे मानून कुणी पाहिले नव्हते.

संस्थेच्या आत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही उपेक्षा आणखी वाढते, कारण तिथे ग्राहक सोडून जाण्याची भीती नसते. कर्मचाऱ्यांना शिकवून घेऊ, असे म्हणून विषय मिटवला जातो. ११ ऑगस्ट २०२० रोजी सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. त्यासाठी वापरलेल्या फ्लेक्सक्यूब प्रणालीत मुद्दलाची रक्कम बँकेच्या अंतर्गत खात्यातच थांबवायची असेल, तर तीन वेगवेगळ्या चौकटींवर खूण करावी लागत असे, आणि त्यांतल्या दोन चौकटींची नावे वाचून तसा अर्थबोध होण्याची काहीच शक्यता नव्हती. एकाच चौकटीवर खूण झाली, तीन जणांनी व्यवहार मंजूर केला, आणि मुद्दलासह जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले. पडद्यावर इशारा आला होता. पैसे बँकेबाहेर जातील एवढेच त्यात होते, किती जातील ते नव्हते. सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास काही कर्जदात्यांनी नकार दिला, फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने बँकेविरुद्ध निकाल दिला, आणि तो सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात फिरेपर्यंत बँकेला ही टांगती तलवार सोसावी लागली. त्या इशाऱ्यात रक्कम दाखवण्यासाठी किती तास लागले असते, याचा अंदाज कुठलाही प्रोग्रॅमर देऊ शकेल.

अर्थात डिझाइनवर पैसा ओतला की मूल्य निर्माण होते, असेही नाही. स्नॅपचॅटने २०१८ मध्ये आपल्या अ‍ॅपची रचना मोठ्या प्रमाणावर बदलली. जुनी रचना परत आणा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर बारा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत रोजच्या वापरकर्त्यांची संख्या १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर घसरली. उलट बिंग या शोधयंत्रावर २०१२ मध्ये जाहिरातींच्या मथळ्याची मांडणी बदलण्याची एक किरकोळ वाटणारी सूचना काही महिने धूळ खात पडली होती; एका अभियंत्याने अखेर तिची चाचणी घेतली, तेव्हा उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढले. कोणता बदल फळेल हे अनुभवी माणसांनाही आधी सांगता येत नाही, त्यामुळे यूएक्सच्या बजेटचा मोठा वाटा चित्रांपेक्षा निरीक्षणावर आणि चाचणीवर जावा, असा माझा आग्रह असतो. निरीक्षण फार महागही नसते. नील्सन आणि लँडॉअर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि साधारण एकसारख्या गटातील पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. ही पाच माणसे कोड लिहिण्यापूर्वी कागदी आराखड्यासमोर बसवली, तर दुरुस्तीला खोडरबर पुरतो.

बैठकीत मी आता एकच काम निवडून बोलतो, उदाहरणार्थ पत्ता बदलणे किंवा बिल भरणे. ते करायला निघालेल्यांपैकी किती जण मध्येच सोडून देतात, त्याबद्दल ग्राहक सेवेला महिन्याला किती फोन येतात आणि एका फोनला किती खर्च येतो, हे आकडे त्या त्या विभागांकडूनच मागवतो. ते त्यांचे स्वतःचे आकडे असल्यामुळे त्यांवर वाद होत नाही, आणि डिझाइनच्या खर्चात वाटा उचलायला कधी कधी ग्राहक सेवेचा प्रमुखच तयार होतो.

या हिशेबाला एक धोकादायक बाजूही आहे. वापरकर्त्याला चकवून मिळवलेला पैसा विक्रीच्या खात्यात तितकाच झळाळतो, आणि तो मोजायलाही सोपा असतो. एपिक गेम्सच्या फोर्टनाइट या खेळात बटणांची मांडणी अशी होती की एखादी वस्तू नुसती पाहताना शेजारचे बटण दाबले गेले तरी खरेदी होऊन जाई. ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या तडजोडीनुसार कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर द्यावे लागले. अशी रक्कम भरण्याची वेळ येते तेव्हा ती कायदेविषयक खर्चात दाखवली जाते, आणि ज्या प्रॉडक्ट टीमने त्या बटणाचे यश तिमाही अहवालात मिरवलेले असते, तिच्या आकड्यांना धक्काही लागत नाही.