डीएनएस बदल पोचला का? स्क्रिप्टची प्रगती

डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) केलेला बदल सगळीकडे दिसू लागला का, हे तपासणारी माझी स्क्रिप्ट आता नुसतं ‘नवा आयपी दिसतोय’ किंवा ‘दिसत नाही’ एवढंच सांगत नाही, जास्तीत जास्त किती वेळ थांबावं लागेल तेही सांगते. मला सुरुवातीपासून हेच हवं होतं. बदल दिसू लागण्याला प्रोपगेशन, म्हणजे ‘पसरणं’, म्हणतात खरं, पण बदल कुणी कुठे ढकलत नाही. प्रत्येक रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नाव शोधून देणारा सर्व्हर) आपल्या कॅशमधलं जुनं उत्तर टीटीएल (उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत देत राहतो. मग मोजायचं ते टीटीएलच.

सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो क्रम. आधी एनएस रेकॉर्ड (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणाऱ्या नोंदी) काढायचे आणि प्रत्येक अधिकृत नेमसर्व्हरला (डोमेनच्या मूळ नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला) रिकर्शन बंद ठेवून, म्हणजे इतरांना न विचारता स्वतःकडचंच सांग असं म्हणून, ‘डिग’ या डीएनएस तपासायच्या कमांडने थेट विचारायचं. सगळ्यांचं उत्तर नवं आणि एसओए या डोमेनच्या मुख्य नोंदीतला सीरियल (आवृत्ती क्रमांक) सारखा असेल तरच पुढे जायचं. एखादा सेकंडरी (मुख्य सर्व्हरच्या नोंदींची नक्कल ठेवणारा सर्व्हर) मागे असेल तर रिझॉल्व्हरांना विचारण्यात अर्थ नाही. नव्या सबडोमेनसाठी तर हा क्रम अगदी पाळायलाच हवा. रेकॉर्ड तयार होण्याआधीच रिझॉल्व्हरला विचारलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅश होतं. १९९८च्या आरएफसी २३०८ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) नुसार ते किती वेळ ठेवायचं, हे एसओएचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातलं ‘मिनिमम’ हे मूल्य यांपैकी जे कमी असेल त्यावर ठरतं. म्हणजे घाईने तपासणारी स्क्रिप्ट स्वतःच उशीर वाढवते!

अधिकृत सर्व्हरांचं जुळलं की ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९ या सार्वजनिक रिझॉल्व्हरांची पाळी. यांच्या एकाच पत्त्यामागे अनेक मशीन असतात आणि त्यांचे कॅश वेगळे असू शकतात. त्यामुळे आत्ता नवं उत्तर आलं आणि पुढच्याच वेळी जुनं, असं होऊ शकतं. म्हणून प्रत्येकाला अनेकदा विचारते आणि जुन्या उत्तरांतला सगळ्यात मोठा उरलेला टीटीएल धरते. याहून भरवशाचा हिशेब म्हणजे बदलाची वेळ अधिक जुना टीटीएल. तो जुना टीटीएल बदलाआधीच फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय केली आहे. टीटीएल उलटल्यावरही जुनं उत्तर देण्याची मुभा आरएफसी ८७६७ देते, पण ती अधिकृत सर्व्हर गाठता येत नसतील तेव्हासाठी.

किरकोळ बदल: एकाच नावाला अनेक आयपी असतील तर त्यांचा क्रम फिरतो, म्हणून तुलनेआधी ‘सॉर्ट’ कमांडने ते क्रमाने लावते. टाइमआउट २ सेकंद, प्रयत्न एकच. डिगला ‘शॉर्ट’ (फक्त उत्तर दाखव) हा पर्याय दिला तरी टाइमआउटचा संदेश अर्धविरामांनी सुरू होऊन उत्तरांतच येतो, तो ‘ग्रेप’ या ओळी शोधायच्या कमांडने गाळते.

आता नेमसर्व्हर बदलाची तपासणी लिहायला घेतली आहे. तिथे पॅरेंट झोनला (वरच्या पातळीच्या, उदाहरणार्थ ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरांना) विचारावं लागतं आणि डिगच्या उत्तरात माहिती आन्सरऐवजी ऑथॉरिटी विभागात येतं, त्यामुळे पार्सिंग (उत्तरातून हवी ती माहिती काढणं) वेगळं. ‘डॉट कॉम’मध्ये या एनएस रेकॉर्डचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण २ दिवस असतो आणि तो आपल्याला कमी करता येत नाही. तोवर जुने नेमसर्व्हरही नवंच उत्तर देतात ना, हे स्क्रिप्टने तपासत राहावं असा विचार आहे.