पब्लिक राहिलेली टीम

दुपारी चहाच्या वेळी खरेदी विभागातला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. बसला नाही. "सर, जरा माझ्या जागेवर येता का? इथे नको बोलायला."

चाकणला आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे, तिथलं आयटी मी बघतो. २०२४ची गोष्ट. मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट, म्हणजे कंपनीच्या फाइली वाचून प्रश्नांची उत्तरं देणारा एआय मदतनीस, आम्ही नुकताच सुरू केला होता, तोही पंचवीस जणांपुरता. तेव्हा माणशी महिन्याला ३० डॉलर म्हणजे काही थोडेथोडके पैसे नव्हेत. हा त्या पंचविसांतला.

त्याने मॉनिटरसमोर पर्चेस ऑर्डरची जाड फाइल उभी करून ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला काही दिसू नये म्हणून. ती बाजूला केली. कोपायलटला विचारलेला प्रश्न साधा होता: आमच्या विभागाची पगारवाढ यंदा कधी लागू होणार? उत्तरात तारीख होती, आणि तिच्याखाली विभागातल्या सात जणांचे सध्याचे आणि वाढीव पगार, नावानिशी. त्याच्या शेजारी बसणाऱ्या, त्याला काम शिकवलेल्या ताईंचा आकडा त्याच्यापेक्षा कमी होता. "मी काही उघडलं नाही सर, खरंच," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. गप्प बसला असता तर मला कधीच कळलं नसतं.

कोपायलट कुणाचं कुलूप तोडत नाही. विचारणाऱ्याच्या खात्याला जे उघडता येतं, तेवढंच तो वाचतो. म्हणजे ती फाइल या मुलाला आधीपासूनच उघडी होती. परमिशन बघितल्या. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, त्या आठवड्यात मायक्रोसॉफ्ट टीम्सवर सगळ्या विभागांच्या टीम, म्हणजे चॅटचे आणि फाइलींचे सामायिक गट, घाईघाईने काढल्या होत्या. एचआरची टीम प्रायव्हेट करायची ती पब्लिक राहिली. पब्लिक टीमच्या फाइली कंपनीतल्या प्रत्येकाला उघडतात. ती टीम मीच काढली होती.

चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे जायला अशी फाइल तिथे आहे हे ठाऊक हवं. कोपायलटला फक्त प्रश्न लागतो.

टीम लगेच प्रायव्हेट केली, पंचवीसही लायसन्स काढून घेतली आणि रात्री नऊपर्यंत बाकीच्या टीम तपासल्या. आणखी अकरा पब्लिक निघाल्या. एकीत कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या.

मग एचआरच्या मॅडमना फोन केला. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं, टीम मी काढली होती हेही. त्यांनी एकच विचारलं, "अजून कुणी बघितली?"

मी ऑडिट लॉग, म्हणजे कुणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद, सोबत नेला होता. त्या फाइलसमोर त्यांचं नाव होतं, त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं होतं आणि कालचा तो एक प्रश्न. बाहेरचं दुसरं कुणी नाही. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"हा लॉग १८० दिवसांचाच आहे, मॅडम," मी म्हणालो. "त्याआधीचं मला सांगता येणार नाही."

त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग पेन घेऊन त्यांनी त्यावर तारीख घातली आणि म्हणाल्या, "चला, साहेबांकडे दोघंही जाऊ."